कोलूच्या पायरीवरची परीक्षा

व्यासराजांनी नर्सिंगची मास्टर्स डिग्री घ्यायची ठरवली तेव्हा एक किरकोळ बाब त्यांच्या नजरेतून निसटली. नर्स ते नव्हते, त्यांची बायको होती. पुढची दोन वर्षं त्यांनी हा तपशील कधी आड येऊ दिला नाही. कंपनीच्या बसमध्ये शेजारी कोणी नवा माणूस बसला की ते सहज म्हणत, "आमचं सध्या मास्टर्स चाललंय. अमेरिकेचं. ऑनलाइन." कशात, असं त्याने विचारलं की "नर्सिंगमध्ये" म्हणून सांगत, आणि तो माणूस त्यांच्या भरघोस मिशांकडे एकदा बघून इरुंगाट्टुकोट्टै येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसे.

मद्रासबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात व्यासराज स्टोअर्स सांभाळत. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक जागा, एक नंबर आणि एक माप असतं, आणि माप चुकलेल्या वस्तूला लाल टॅग लावून परत पाठवायचं असतं, एवढ्या तत्त्वज्ञानावर त्यांचं आयुष्य सुरळीत चाललं होतं. वेस्ट मांबलमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हिंग-हळदीच्या डब्यांवरसुद्धा पार्ट नंबर होते. हेमावती ते नंबर कधी वाचत नसे. ती झाकण उघडून वास घ्यायची, आणि याचं व्यासराजांना मनातून वाईट वाटायचं.

हेमावती शहरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात सिस्टर होती. वीस-बावीस वर्षं तिने उभ्याने काढली होती, त्यातली निम्मी रात्रपाळीत. पोटऱ्यांवरच्या शिरा सुजून वर आल्या होत्या, आणि ड्यूटीवरून आली की ती आधी भिंतीला पाय टेकवून जमिनीवर आडवी व्हायची, मग चपला कुठे काढल्या ते शोधायची. हॉस्पिटलला नव्या नर्सेसना शिकवण्यासाठी एक ट्रेनिंग ऑफिसर नेमायची होती. दिवसाची ड्यूटी, स्वतंत्र खोली, आणि त्या खोलीत एक खुर्ची. हेमावतीला हुद्द्यापेक्षा ती खुर्ची हवी होती. अडचण एवढीच, की त्या जागेवर मास्टर्स झालेलीच व्यक्ती लागणार होती. मॅट्रन हेमावतीच्या बाजूची होती. दीपावलीपर्यंत जागा धरून ठेवते, नंतर मात्र बाहेरची कोणी घ्यावी लागेल, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. शेवटची परीक्षा दीपावलीच्या थोडी आधी होणार होती. ती हुकली तर पुढची संधी वर्षाने, म्हणजे खुर्ची गेलीच.

हे सगळं दोन हजार आठ सालचं. तेव्हा घरात इंटरनेट येणं ही गॅसचा नंबर लागण्याइतकीच मोठी घटना होती. ब्रॉडबँडची तार बाहेरच्या खोलीतल्या एकाच कोपऱ्यापर्यंत पोचली, आणि त्यापुढे जायला तिने ठाम नकार दिला. खालच्या मजल्यावरचे नारायणस्वामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झाले होते. तारेच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असं त्यांचं मत होतं. त्यांनी वर येऊन भिंतीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि तारेला वळण आवडत नाही, तिला जिथे थांबायचंय तिथे थांबू द्या, असा सल्ला दिला. म्हणून कॉम्प्युटर त्या कोपऱ्यात बसला. आता त्याच कोपऱ्यात, तंजावर सोडून मद्रासला आल्यापासून, व्यासराजांच्या घरचा नवरात्रातला कोलू मांडला जात असे.

कोलू म्हणजे बाहुल्यांच्या चढत्या पायऱ्या. व्यासराजांच्या आई धनलक्ष्मीबाई यांच्याकडे देवदेवतांपासून वाण्याच्या दुकानापर्यंत सगळं जग मातीत घडवलेलं होतं, आणि ते दरवर्षी ट्रंका, पाट आणि पुस्तकांचे गठ्ठे रचून त्यावर बसायचं. कॉम्प्युटर हलवता येत नाही आणि कोलूची जागा बदलता येत नाही, हा पेच कोणा सामान्य माणसाला पडला असता तर त्याने हात टेकले असते. व्यासराजांनी कारखान्यातून भंगारात निघालेले भोकाभोकांचे लोखंडी स्लॉटेड अँगल आणले, रविवारभर नट-बोल्ट आवळले, आणि स्टोअर्सच्या रॅकसारखा एक असा भक्कम कोलू उभा केला की ज्याच्या पोटात सीपीयू, चौथ्या पायरीवर मॉनिटर आणि त्याच्या माथ्यावर वेबकॅम व्यवस्थित बसले. मॉनिटरच्या एका बाजूला दशावतार आले, दुसऱ्या बाजूला लग्नाची वरात. "जागेचा शंभर टक्के उपयोग," असं म्हणून त्यांनी हात झटकले. एकदा मांडलेला कोलू विजयादशमीच्या रात्रीपर्यंत हलवायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण परीक्षा नवरात्राच्या बऱ्याच नंतर होती, तेव्हा काळजीचं कारण नव्हतं.

अभ्यासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो हेमावती करायची. पहाटे ड्यूटीहून आल्यावर किंवा ड्यूटीला जायच्या आधी, डोळे चोळत, ती अमेरिकेतल्या वर्गमैत्रिणींबरोबर चर्चेच्या ऑनलाइन फळ्यावर मतं मांडायची. ते मत पाठवण्याआधी व्यासराज इंग्रजी तपासायचे, आणि तपासता तपासता पत्रव्यवहाराच्या वळणावर आणायचे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवरच्या तिच्या एका नाजूक उत्तराची सुरुवात त्यांनी 'विथ रेफरन्स टू द अबव्ह पेन' अशी केली आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' जोडलं. टेक्सासच्या एका मुलीने नेमकं काय करू, असं कळवळून विचारलं होतं. तेव्हापासून हेमावती ते कारखान्यात गेल्यावरच उत्तरं पाठवू लागली.

खरी मजा शेवटच्या परीक्षेची होती. वेबकॅमसमोर, परीक्षकबाई तिकडून बघत असताना, एका प्रौढ व्यक्तीची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करून दाखवायची आणि प्रत्येक गोष्ट तोंडी समजावून सांगायची. प्रौढ व्यक्ती कोण, हा प्रश्नच नव्हता. व्यासराज टी. नगरला जाऊन गर्दीत धक्के खात नेसायला नवी पांढरी वेष्टी आणि दोन बनियन घेऊन आले. अमेरिकेसमोर पडायचं तर नीट पडायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. व्यासराज खाटेवर आडवे होत आणि तिथून दिग्दर्शन करत. रक्तदाबाची वेळ आली की पट्टा बांधू देत, पण फुगवू देत नसत. हाताला कळ लागते म्हणत. "पुस्तकांत काय दिलंय? एकशेवीस-ऐंशी. तेवढं म्हणायचं आणि पुढं जायचं."

"न मोजतां कशी सांगूं?" हेमावती म्हणायची.

"हेमा, ड्रॉइंगमधे साइज दिलीय. माल त्याच साइजचा येणार. परीक्षा मालाची नव्हें, पद्धतीची आहे."

तिने एकदा-दोनदा रबरी फुगा हातात घेऊन पाहिला. व्यासराज इतक्या चपळाईने उठून बसले की पट्टा तिच्याच हातात राहिला. कारखान्यात दरवर्षी तपासतात, घरात पुन्हा कशाला, असं ते म्हणाले. तिला नऊ विषय डोळ्यांपुढे नाचत होते आणि रात्री पुन्हा ड्यूटी होती, म्हणून तिने वाद घातला नाही. इतक्या वेळा 'एकशेवीस-ऐंशी' म्हणून झालं की शेजारून जाताना धनलक्ष्मीबाईही ते पुटपुटू लागल्या.

आणि मग युनिव्हर्सिटीचा मेल आला. परीक्षकबाईंना प्रवासाला जायचं असल्यामुळे परीक्षा अलीकडे ओढली होती. व्यासराजांनी तारीख मोठ्याने वाचली. स्वयंपाकघरात भांडं पडलं. तो सरस्वतीपूजेचा दिवस होता.

आता ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना यातली भीषणता कळायची नाही. त्या दिवशी घरातली सगळी पुस्तकं आणि ज्याच्यावर ज्याचं पोट चालतं ती सगळी साधनं सरस्वतीपुढे मांडायची, त्यांना चंदन-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या सकाळी पुन्हा पूजा करून उचलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. शाळकरी पोरांना हा दिवस वर्षात सर्वांत प्रिय असतो तो उगाच नव्हे. धनलक्ष्मीबाईंच्या लेखी त्या दिवशी परीक्षा देणं म्हणजे देवीच्या हातातली वीणा ओढून घेण्यासारखं होतं. शिवाय कॉम्प्युटर कोलूच्या पोटातच होता आणि कोलू हलवायचा नव्हता, तेव्हा सायबर कॅफेपर्यंत नेण्याचाही मार्ग बंद. सायबर कॅफेत नवरा आडवा कुठे करायचा, हाही प्रश्न होताच.

हेमावतीने तारीख बदलून मागितली. धार्मिक कारणासाठी सवलत हवी असल्यास ती सत्राच्या सुरुवातीला मागायला हवी होती, असं नम्र उत्तर आलं. मग इमारतीतल्या सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं, आजारी पडल्याचं कळवा. कोणी म्हणालं, घरच्या पूजेऐवजी देवळात करा, म्हणजे घर मोकळं राहील. नारायणस्वामींनी घड्याळाचा अभ्यास करून सांगितलं की इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिथे त्याच दिवसाची सकाळ, म्हणजे तिथे तर सरस्वतीपूजा नुकती कुठे सुरू झालेली. तुम्ही ऑस्ट्रेलियातली युनिव्हर्सिटी घ्यायला हवी होती सार, तिथे एव्हाना विजयादशमी लागली असती, असं ते फार हळहळून म्हणाले. व्यासराजांना ते पटलं आणि पुढचे दोन दिवस आपण घाईत देश निवडला याची त्यांना रुखरुख लागून राहिली.

 हेमावती मात्र भिंतीला पाय लावून पडून राहायची आणि छताकडे बघायची. ते धनलक्ष्मीबाईंना बघवेना. तिसऱ्या दिवशी जपमाळ खाली ठेवून त्यांनी निकाल दिला.

"वाचायचं नक्को, लिहायचं नक्को. बोलायला कोणी नक्को म्हणून सांगितलं नाहीं. सरस्वतीच बोलवतेय तर बोल. पण पूजेतल्या एकाला हात लागायचा नाहीं."

निकाल उदार होता, पण अंमलबजावणी कठीण होती. हेमावतीचा स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचं यंत्र पूजेत जाणार होतं. ती दोन्ही नारायणस्वामींकडून उसनी घ्यायचं ठरलं. ते रक्तदाबाचे जुने रुग्ण होते आणि दोन्ही वस्तू त्यांनी अभिमानाने बाळगल्या होत्या. कॉम्प्युटर पूजेआधी, भल्या सकाळीच सुरू करून ठेवायचा, म्हणजे तो समईसारखा आपोआप तेवत राहील. करंट गेला तर यूपीएस होता. प्रश्न उरला फोन घेण्याचा. परीक्षकबाईंचा कॉल आला की माऊसवर कोणीतरी बोट दाबायला हवं. व्यासराजांनी आपला हात पुढे केला, पण मापं घ्यायचं त्यांचं व्हर्नियर कॅलिपर त्याच पूजेत होतं, म्हणून तेही बाद. शेवटी नारायणस्वामींनी घसा साफ केला. त्यांची पूजा खाली त्यांच्या स्वतःच्या घरी होती, आणि लोकांचे कॉल जोडून देणं हा त्यांचा जन्माचा धंदा होता.

सरस्वतीपूजेची सकाळ नीट पार पडली. कारखान्यात आदल्याच दिवशी यंत्रांची पूजा झाली असल्यामुळे व्यासराज घरी होते. डोकं जरा जड होतं, पण त्यांनी ते चंदन उगाळण्याच्या श्रमांवर घातलं. धनलक्ष्मीबाईंनी पुस्तकांना, यंत्राला, कॅलिपरला, यूपीएसला आणि मॉनिटरच्या कपाळाला चंदन-कुंकू लावलं. वेबकॅमला लावताना हात थोडा खाली सरकला.

संध्याकाळी सात वाजता कॉम्प्युटर वाजू लागला. नारायणस्वामींनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी एका बोटाने माऊस दाबला, मान ताठ केली आणि जुन्या सवयीने म्हणाले, "मद्रास हिअर. स्पीक ऑन, मॅडम."

पडद्यावर डॉक्टर ब्रेनन नावाच्या, पांढऱ्या केसांच्या परीक्षकबाई उमटल्या. त्यांना इकडचं जे दिसलं ते असं. सगळं काही पिवळ्या धुक्यातून, कारण भिंगावर चंदन होतं. कोलूसमोरच्या खाटेवर एक माणूस सरळसोट पडलेला, पांढऱ्या कोऱ्या वस्त्रात, कपाळाला गंध, छातीवर धनलक्ष्मीबाईंनी पूजेचं म्हणून ठेवलेलं फूल. डोळे गच्च मिटलेले. ते मिटलेले होते याला कारण असं, की नवरात्रात संध्याकाळी कोलू बघायला बायका येतात, हे परीक्षेच्या गडबडीत सगळे विसरले होते, आणि नारायणस्वामींच्या पत्नी वसंतामामी तीन मैत्रिणींना घेऊन रेशमी साड्यांत नेमक्या त्याच वेळी दारात उभ्या राहिल्या. उघड्या अंगाने आडव्या पडलेल्या गृहस्थाने अशा वेळी दुसरं काय करावं? बायका रीतीप्रमाणे भिंतीशी बसल्या आणि कोलूपुढे म्हणायचं गाणं वसंतामामींनी हळू, संथ आवाजात सुरू केलं.

डॉक्टर ब्रेनन यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग त्या आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, की आपण अवेळी आलो याचं त्यांना फार वाईट वाटतं, आणि कुटुंबाच्या दुःखात त्या सहभागी आहेत.

हेमावतीला क्षणभर कळलंच नाही. मग तिने खाटेकडे पाहिलं. "मॅडम, ते जिवंत आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "माझे यजमान."

परीक्षकबाईंनी चष्मा नीट केला. त्या अनुभवी होत्या. तसं असेल तर सुरुवात तिथूनच करा, असं त्या म्हणाल्या.

हेमावतीने सुरुवात केली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. घरात ती हळू बोलायची. इथे ती वॉर्डमध्ये बोलत होती. वसंतामामींचं गाणं आपसूक थांबलं. श्वास, नाडी, बुबुळं, गळ्याच्या शिरा, ती एकेक सांगत पुढे जात होती. परीक्षकबाई मान डोलवत होत्या. खाटेवरच्या व्यासराजांचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि तो भरल्यामुळे श्वासांची संख्या चुकली, म्हणून तिने ती पुन्हा मोजली.

मग रक्तदाब आला. तिने नारायणस्वामींचा पट्टा बांधला. व्यासराजांनी ओठ न हलवता आठवण करून दिली, "एकशेवीस-ऐंशी." पण समोर परीक्षकबाई होत्या, पट्टा फुगवल्याशिवाय भागणार नव्हतं. हेमावतीने फुगवला. काटा वर गेला, आणि ती ऐकत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने हवा सोडली आणि पुन्हा फुगवला.

"काय आलं?" नारायणस्वामींनी विचारलं.

"एकशेनव्वद. खालचं एकशेदहा."

"यंत्र बिघडलंय," व्यासराज डोळे मिटूनच म्हणाले.

हा नारायणस्वामींचा अपमान होता. आपण निवृत्त झाल्यापासून हे यंत्र एकदाही खोटं बोललेलं नाही, असं ते तमिळमध्ये व्यासराजांना आणि इंग्रजीत डॉक्टर ब्रेनन यांना सांगू लागले. व्यासराज म्हणाले, हे इनवर्ड इन्स्पेक्शन न झालेलं यंत्र आहे, त्याचं माप धरता येत नाही. ते म्हणताना त्यांची जीभ किंचित जड झाल्यासारखी वाटली. हेमावतीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. तिकडेही तेच आलं. मग तिची नजर कोलूच्या खालच्या पायरीवर गेली. तिथे, पुस्तकांच्या थप्पीवर, कुंकू लावलेलं तिचं स्वतःचं यंत्र होतं. तिने मागितलं नाही. नुसती बघत राहिली.

धनलक्ष्मीबाई जमिनीवर हात टेकून उठल्या. पायरीपाशी गेल्या, यंत्र उचललं, पदराने त्यावरचं कुंकू पुसलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"घे गं. सरस्वतीचं मी पाहून घेतें. तूं पोराचं पाहा."

 हेमावतीने मोजलं. आकडा तोच होता. "डोकं दुखतंय?" तिने विचारलं. व्यासराज नाही म्हणाले. "खरं सांगा." "सकाळपासून," ते म्हणाले. तेव्हा तिने पट्टा सोडला, परीक्षकबाईंकडे वळून एका वाक्यात सांगितलं की पेशंटला हलवायला हवं, परीक्षा इथेच थांबवते, आणि उत्तराची वाट न बघता पाठ फिरवली. दोन वर्षांचा अभ्यास तिच्या पाठीमागे पडद्यावर तसाच राहिला आणि तिला त्याची आठवणही नव्हती.

इमारतीला लिफ्ट नव्हती. व्यासराजांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, नव्या वेष्टीसकट, इमारतीतल्या चौघांनी खाली उतरवलं. पुढून नारायणस्वामी रस्ता मोकळा करत होते आणि प्रत्येक मजल्यावर उघडणाऱ्या दाराला थोडक्यात हकीकत सांगत होते. वजन खुर्चीच्या डाव्या पायावर येतंय, असं व्यासराजांनी वारंवार निदर्शनास आणलं, पण उतरवणाऱ्यांनी लक्ष दिलं नाही. आपल्याला माल समजून हाताळण्यात आलं, हा सल त्यांच्या मनात कायमचा राहिला.

वसंतामामी आणि मैत्रिणीही खुर्चीमागोमाग खाली गेल्या, आणि वर घरात धनलक्ष्मीबाई एकट्याच उरल्या. दिवा सोडून त्यांना जाता येईना. पडद्यावर डॉक्टर ब्रेनन अजून होत्याच. कॉल तोडणारा माणूस खुर्चीबरोबर गेला होता, आणि स्वतः तोडावा असं परीक्षकबाईंना वाटलं नसावं. थोड्या वेळाने शेजारच्या इमारतीतल्या बायकांचा दुसरा घोळका आला. दशावतार आणि वरात यांच्या मध्ये पांढऱ्या केसांची हलणारी, बोलणारी बाई पाहून यंदाचा कोलू फारच नवा आहे, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी तिच्यासमोर दोन गाणी म्हटली. धनलक्ष्मीबाईंनी घरी आलेल्या सवाशिणीला रिकामं पाठवायचं नाही म्हणून पडद्यावरच्या कपाळाला कुंकू लावलं, प्रसादाच्या सुंडलाची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, वाटी मॉनिटरपुढे ठेवली आणि मराठीत बोलू लागल्या. आपल्या सुनेने किती उभ्याने दिवस काढले, तिच्या पायांचं काय झालंय, आणि आज तिने आपल्या पोरासाठी परीक्षा टाकली, हे सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना रडल्या. डॉक्टर ब्रेनन यांना एक अक्षर कळलं नसणार, पण त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.

वेळेवर आणलंत, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या जगाची विजयादशमी चाललेली असताना, व्यासराज हेमावतीच्याच वॉर्डात तिच्याच मैत्रिणींच्या ताब्यात पडले होते. त्यातली प्रत्येकजण येऊन "मास्टर्स कसं चाललंय, सार?" असं विचारून जात होती. हेमावती स्टुलावर बसली होती.

"कारखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं," व्यासराज छताकडे बघत म्हणाले. "उन्हाळ्यांतच. मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणून."

"मग मला कां नाहीं सांगितलं?"

"घरांत पेशंट जाला असता, तर तूं पुस्तक मिटून माझ्यामागं लागली असतीस. तुला तो खुर्ची पाहिजे होता ना."

खुर्ची त्यांनी घाईत पुल्लिंगी करून टाकली होती, पण हेमावतीने ते सुधारलं नाही. तिला राग आला होता, रडूही येत होतं, आणि या माणसाला लपवाछपवी करायला दुसरं कोणी मिळालं नाही का, असंही वाटत होतं. तिने त्यांची चादर नीट केली आणि नाडी बघायच्या निमित्ताने मनगट धरून ठेवलं.

त्या रात्री रीतीप्रमाणे कोलूतली एक बाहुली आडवी करून कोलू निजवायचा असतो. धनलक्ष्मीबाईंनी शंका नको म्हणून वेबकॅमही आडवा केला.

निकाल दीपावलीच्या चार-पाच दिवस आधी आला. हेमावती पास झाली होती. तपासणी अर्धवट असली तरी उमेदवाराने परीक्षेपेक्षा रुग्णाला आधी पाहिलं, आणि हेच तपासायचं होतं, असं डॉक्टर ब्रेनन यांनी लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती अत्यंत असहकारी होती, तिने वारंवार हस्तक्षेप केला आणि निष्कर्षावर दबाव आणण्याचा प्रयत्न केला, पुढील वेळी अन्य व्यक्ती निवडावी. ही ओळ व्यासराजांना फार लागली. आपण दोन वर्षं अभ्यास करून एकटेच नापास झालो, असं ते नारायणस्वामींना म्हणाले. नारायणस्वामींनी त्यांचं सांत्वन केलं आणि यंत्र खरं ठरल्याची पुन्हा आठवण करून दिली.

खुर्ची हेमावतीला मिळाली. आता ती सकाळी निघते, त्याच्या आधी व्यासराजांची बस असते. अजून उजाडलेलं नसतं. ते डबा घेऊन दारात उभे राहतात आणि न सांगता बाही वर करतात. ती पट्टा बांधते, फुगवते, ऐकते.

"किती?" ते विचारतात.

"पुस्तकांतलं सांगूं, की तुमचं?"

पहिले काही दिवस ते यावर विचार करायचे. आता लगेच उत्तर देतात.

"माझं सांग," ते म्हणतात, आणि आकडा ऐकूनच बसला जातात.